ओल्या रस्त्यावरचे दोन दशांश

आमच्या नणंदेच्या यजमानांइतका, स्वतःच्या मालकीच्या नसलेल्या वस्तूचा अपमान मनाला लावून घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आणि मी पेणला, हमरस्त्यालगत, पोह्याच्या पापडांचं दुकान चालवते, तेव्हा माणसं काही कमी पाहिलेली नाहीत. कुणाच्या शेतावर शेजाऱ्याचं कुंपण सरकतं, कुणाचं नाव लग्नपत्रिकेत बारीक अक्षरांत छापलं जातं, कुणाला पंगतीत दुसऱ्यांदा जिलबी विचारली जात नाही, आणि ही माणसं रागावतात. ते मला समजतं. भावोजींचा राग मात्र एका जपानी मोटारीवर झालेल्या अन्यायाबद्दल होता. ही मोटार त्यांच्याकडे नव्हती. रोह्यात कुणाकडे नव्हती, पेणमध्ये नव्हती, आणि त्यांनी ती उभ्या जन्मात डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. एक फोटो आणि आकड्यांचा एक तक्ता, एवढ्या भांडवलावर हा माणूस वीस वर्षं संतापलेला होता.

प्रकार असा. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मित्राने त्यांना कधी काळी एक इंग्रजी मासिक आणून दिलं होतं. त्यात चार गाड्यांची तुलना होती: एक जपानी, एक जर्मन, एक इटालियन, एक इंग्रज. चौघींचीही नाकं लांब, दारं दोनच, आणि मागे एखादी पिशवी ठेवायला जागा नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीने चौघीही सारख्याच निरुपयोगी. पण तक्त्यात जागच्या जागेवरून साठ मैलांचा वेग गाठायला जपानी गाडीला लागली होती आठ सेकंदं आणि जर्मन गाडीला सात पूर्णांक आठ. म्हणजे जपानी गाडी दोन दशांशांनी हरली. आणि तक्त्याच्या खाली, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, एक टीप होती, की जपानी गाडीच्या चाचणीच्या दिवशी रस्ता ओला होता. संपलं. या टिपेने आमच्या नणंदेच्या संसारात जे स्थान मिळवलं, ते सासू-सासऱ्यांनाही मिळालं नसेल. "ओल्या रस्त्यावर आठ, वहिनी! ओल्या!" भावोजी मला पहिल्यांदा सांगत होते तेव्हा त्यांच्या हातातला चहा बशीत सांडत होता. "जर्मनाला कोरडा रस्ता, आणि हिला ओला. वर किंमत बघा, त्याच्या निम्मी! ह्याला तुलना म्हणतात?" मी सरळ माणूस. मी विचारलं, "मग दुसऱ्या दिवशी रस्ता वाळल्यावर परत का नाही घेतली चाचणी?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू वीस वर्षं कोर्टात खेटे घालणाऱ्याला अचानक साक्षीदार सापडावा. तेव्हापासून त्या गाडीबद्दलची प्रत्येक गोष्ट मला ऐकावी लागली. व्यवहारी प्रश्न विचारण्याची एवढी शिक्षा दुसऱ्या कुणाला झाली नसेल.

भावोजी रोह्याजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात बॉयलरवर सुपरवायझर होते. दिवसभर घड्याळासारखे काटे बघायचे आणि ते लाल रेघेच्या पुढे जाऊ द्यायचे नाहीत, हे काम. शिफ्ट संपली की तीच नजर ते घरी आणायचे. गळ्यात एक स्टॉपवॉच असायचं, शर्टाच्या आत, दुसरे लोक जानवं किंवा ताईत घालतात तसं. दूध उतू जायला किती वेळ लागतो, कुकरची पहिली शिट्टी कधी होते, शेजारचा कुत्रा फाटकापासून पोस्टमनपर्यंत किती वेळात पोचतो, सगळ्याचे आकडे त्यांना पाठ. दूध उतू जाताना ते बंद करायचं असतं, हे मात्र पाठ नव्हतं. स्वतःच्या स्कूटरचेही त्यांनी मासिकातल्यासारखे आकडे काढले होते: एकटे असताना, वन्सं मागे असताना, आणि वन्संच्या मांडीवर गॅसचा सिलिंडर असताना. एका साखरपुड्यात, भर मांडवात, त्यांनी व्याह्यांना सांगितलं, की "ही मागे बसली की स्कूटरला चार सेकंदं जास्त लागतात." वन्सं ताट बाजूला सारून उठल्या आणि रिक्षा करून एकट्या घरी गेल्या. भावोजी त्यांच्या मागोमाग स्कूटरवरून घरी आले, ते चेहऱ्यावर समाधान घेऊनच. का, तर चार सेकंदांचा हिशोब बरोबर निघाला होता. "वहिनी, तुमीच सांगा गो," वन्सं मला म्हणाल्या, "माझं ब्लडप्रेशर किती हाय ते विचारा ह्यांना. नाय सांगता येनार. त्या जपानीणीचं टायरातलं प्रेशर विचारा, झोपेत सांगतील."

त्यांच्या या निष्ठेपायी त्यांना यातनाही भोगाव्या लागल्या. रोह्यातले एक दंतवैद्य त्यांची दाढ काढत होते. भावोजींच्या तोंडात कापूस, आरसा आणि आणखी दोन हत्यारं. डॉक्टर बोलता बोलता सहज म्हणाले, की काही म्हणा, गाड्या कराव्यात त्या जर्मनांनीच. आता तोंडात इतकं सामान असलेल्या माणसाला कुणी काही म्हणूच नये, हा साधा शिष्टाचार आहे. भावोजींनी खुर्चीतून उठून हत्यारं एकेक करून ट्रेमध्ये ठेवली, कापूस गालातच राहू दिला, आणि अर्धा जबडा बधिर असताना ओल्या रस्त्याची सगळी हकीकत डॉक्टरांना ऐकवली. डॉक्टरांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. त्यांना वाटलं दुखतंय. दाढ तशीच ठेवून भावोजी बाहेर पडले आणि ती काढायला पेणला आमच्याकडे आले. सूज उतरेपर्यंत मी त्यांना भाताची पेज घातली, आणि पेज पितापिता त्यांनी मला इटालियन गाडीचा गिअरबॉक्स कसा कुचकामी आहे ते समजावलं.

त्याच मुक्कामात त्यांनी आणखी एक उद्योग केला. पेणला मूर्तींचे कारखाने गल्लोगल्ली. भावोजी ते मासिक घेऊन आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात गेले आणि त्या गाडीची हातभर लांबीची प्रतिकृती करायला सांगून आले. कारागीर हाताचे नामांकित. पण त्या हातांना पिढ्यान्पिढ्या एकच वळण. गाडी तयार झाली ती गुटगुटीत. बॉनेटला पोट सुटलेलं, पुढचे दिवे शांत, अर्धोन्मीलित, कृपादृष्टी टाकणारे, आणि लाल रंग असा की शेल्यालाच शोभावा. सोंड तेवढी नव्हती. मला ती फार आवडली; तिच्याकडे पाहिलं की बरं वाटायचं. भावोजी संतापले. "अहो, हिला वारा कापता आला पाहिजे! ह्या पोटाने हिची निम्मी गती गेली!" कारागीर शांतपणे म्हणाला, "काका, आपल्याकडचं काम बसायचं असतं. पळायचं आपन कधी केलंच नाय." ती गाडी पुढे माझ्या दुकानात काउंटरवर आली. कितीतरी गिऱ्हाइकांनी नकळत तिला नमस्कार केलेला मी पाहिला आहे.

आणि या प्रतिकृतीनेच सगळं घडवलं. डिसेंबरात गोव्याला जाता-येता थांबणारी माझी काही ठरलेली गिऱ्हाइकं आहेत. त्यातले एक मुंबईचे गृहस्थ, बोलायला मऊ, पापड मोडू नयेत म्हणून स्वतःचा डबा घेऊन येणारे, म्हणून माझ्या विशेष मर्जीतले. त्यांनी काउंटरवरच्या लाल वस्तूकडे पाहिलं, जरा वेळ मान तिरकी केली, आणि त्या जपानी गाडीचं नाव घेतलं. मी पोह्याची मिरगुंडं मोजत होते, ती मोजणी चुकली. "तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं. ते संकोचून म्हणाले, "माझ्याकडे आहे एक. जुन्या गाड्यांचा नाद आहे मला. पुढच्या आठवड्यात गोव्याला तीच घेऊन जाणार आहे."

मी काम लांबणीवर टाकणारी बाई नाही. ते दुकानात उभे होते तोवरच मी सगळं ठरवून टाकलं. भावोजी निवृत्त होऊन चारच महिने झाले होते. काटे बघायला बॉयलर नाही, त्यामुळे घरात ते नुसते फिरत होते आणि वन्संच्या डोक्याचा बॉयलर करत होते. रक्तात साखर निघाली होती, पायाला मुंग्या येत होत्या, आणि त्या तक्त्यावर बोट फिरवतानाही त्यांचा आवाज पूर्वीसारखा चढत नव्हता. हे मला पाहवत नव्हतं. माणसाने एक गोष्ट आयुष्यभर कागदावर वाचली, तर ती एकदा त्याच्या अंगाला कळायला नको का? मी त्या गृहस्थांना सांगितलं, की नागोठणं सोडलं की खांब गावाच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे. पुढे रस्ता सरळ. तिथून आमच्या भावोजींना बसवून कोलाडपर्यंत न्या, आणि सरळ पट्ट्यावर एकदा, एकदाच, जागेवरून साठ मैल करून दाखवा. ते हसून कबूल झाले. मी रोह्याला फोन लावला. भावोजींना सगळं सांगितलं. पलीकडून स्टॉपवॉच सुरू केल्याचा आणि बंद केल्याचा आवाज तेवढा आला.

आता हे सगळं सुरळीत पार पडायचं, तर भावोजींनी त्या दिवसापर्यंत घरी बसून राहायचं होतं, एवढंच. ते त्यांना जमलं नाही. ते स्कूटर काढून खांबला गेले. तिथे स्टँडवर, किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत, देवळापुढे, सगळीकडे त्यांनी सांगितलं, की येत्या शनिवारी इथून एक गाडी जाणार आहे, तशी गाडी या रस्त्याने कधी गेलेली नाही आणि जाणार नाही. गोळीसारखी येईल. पोरंबाळं, गुरं, कोंबड्या आत ठेवा. हे त्यांनी काळजीने सांगितलं की मिरवायला सांगितलं, ते मी आजही सांगू शकत नाही. दोन्ही असावं.

शनिवारी मी पेणहून एसटीने टपरीवर पोचले. भावोजी आणि वन्सं रोह्याहून एसटीनेच, नागोठण्यामार्गे, आधीच येऊन बसले होते. भावोजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी इतकी घोटून केली होती की हनुवटीवर दोन जागी कापूस होता. गाडी आली. खरं सांगते, मी नाकं मुरडायची तयारी ठेवून गेले होते, पण ती आली तेव्हा टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. जमिनीला इतकी लागून, की रस्त्यावर कुणी लाल रेशीम ओढत नेतंय असं वाटावं. भावोजी तिच्याभोवती एक फेरी मारून आले. हात लावला नाही. मालकांनी दार उघडलं तेव्हा त्यांनी चपला काढल्या. "अहो, असू द्या, असू द्या," मालक म्हणाले. पण ते चपला हातात घेऊनच आत बसले. गाडी गेली. मी आणि वन्संनी सहा आसनी रिक्षा ठरवून ठेवली होती. तिच्यात बसून आम्ही मागून निघालो. सहा आसनी सुरू व्हायलाच जेवढा वेळ लागला, तेवढ्यात ते कोलाडला पोचून चहा पीत असतील असा माझा अंदाज.

खांबच्या वेशीवर गर्दी दिसली.  वन्संनी माझा दंड धरला. जवळ गेलो तर रस्त्याच्या मधोमध, आडवा, एक ताजा गतिरोधक. मुरूम, दगड, वरून छान चोपलेला, आणि त्याच्यावर चुन्याचे पांढरे पट्टे, दिवाळीच्या अंगणासारखे. आणि त्या गतिरोधकावर, पुढची चाकं पलीकडे आणि मागची अलीकडे, पोटावर टेकून बसली होती ती गाडी. दारं खालून मुरमाला अडत होती, म्हणून उघडत नव्हती. मालक खिडकीतून बाहेर आले होते, त्यांच्या पांढऱ्या पँटवर चुना. भावोजींना त्यांच्या बांध्यामुळे खिडकीतून येता येत नव्हतं. ते आत बसले होते, चपला छातीशी धरून.

"हे कुणी केलं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकवेना.

"आमीच," डोक्याला टॉवेल गुंडाळलेले एक म्हातारे गृहस्थ अभिमानाने पुढे झाले. "काल सांजच्याला. अख्खा गाव लागला. चुना पन मारला, लांबून दिसावा म्हनून."

"अहो, पण का?"

"का म्हंजे? ह्या भाऊंनीच नाय का सांगितलं?" त्यांनी खिडकीतल्या भावोजींकडे बोट केलं. "गाडी गोलीसारखी येनार, पोरं आत ठेवा. आता पोरं किती वेल कोंडायची, बाय? त्यापरीस गाडीच हलू करू म्हटलं."

 हमरस्त्यावर गतिरोधक घालायला परवानगी लागते, एका माणसाच्या आयुष्यात अशी सकाळ एकदाच येते, असलं मी बरंच काही ओरडले. वन्संनीही सासर-माहेरचे सगळे शब्द काढले. "ह्यांची आयुष्याची हौस होती हो! तिची परीक्षा होती आज!" तेव्हा कडेवर मूल घेतलेली एक बाई म्हणाली, "मंग पास झाली ना गो! काय उभी ऱ्हायली! म्हशीच्या नाकापुढं उभी केली असती तरी म्हस रवंथ करत बसली असती." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नाही. त्यांनी एक पाहुणा सुखरूप थांबवला होता.

मग गावच पुढे झालं. दहा-बारा जणांनी कमरेला टॉवेल बांधले, खाली हात घातले, आणि भावोजी आत असतानाच गाडी उचलली. ती इतक्या सहज वर आली की उचलणारेच चकित झाले. "हलकी हाय रे!" कुणीतरी ओरडलं. त्याबरोबर खिडकीतून भावोजींचं डोकं बाहेर आलं, केस विस्कटलेले, डोळे लाल, आणि त्या स्थितीत, माणसांच्या हातांवर तरंगत, ते गरजले, "जर्मन गाडी असती तर उचलता आली नसती तुम्हाला! वजन बघा तिचं!"

गाडी पलीकडे उतरली. मालकांनी वाकून पाहिलं. खालची कुठलीशी नळी वाकली होती आणि इंजिन सुरू केलं की ती खडखडत होती. ते रागावले नाहीत, हेच मला जास्त लागलं. रागावले असते तर भांडता आलं असतं. "काका, आता हिला गोव्यापर्यंत जपून न्यायला हवं," ते म्हणाले. "वेगाने नाही नेता येणार. पुढच्या वर्षी नक्की." भावोजी उतरले. त्यांनी मान हलवली. गाडी हळूहळू, खडखडत, वळणाआड गेली. पुढच्या वर्षी ते गृहस्थ आले ते दुसऱ्याच गाडीने, आणि ती लाल गाडी विकल्याचं त्यांनी मला खाली बघत सांगितलं. मी त्यांना पापड दिले, पण त्या दिवशी निवडून दिले नाहीत.

खांबच्या स्टँडवर आम्ही रोह्याच्या एसटीची वाट पाहत बसलो; मीही त्या रात्री वन्संकडेच राहणार होते. गावाने वन्संच्या ओटीत वालाच्या शेंगा घातल्या होत्या, पिशवीभर, कोवळ्या. माझा संताप उतरला नव्हता. तक्रार कुणाकडे करायची, कोणत्या खात्याकडे, नुकसानभरपाई मागायची की नुसती समज द्यायला लावायची, हे मी मोठ्याने ठरवत होते. भावोजी ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. चपला अजून हातातच होत्या. मग ते म्हणाले, "वहिनी, दोन सेकंदं मिळाली."

"कुठली?"

"वेशीच्या आधी रस्ता मोकळा मिळाला, तेव्हा त्यांनी गाडी पूर्ण थांबवली. माझ्याकडे बघितलं. मग सोडली. पांढरे पट्टे दिसून ब्रेक लागेपर्यंत दोन सेकंदं." त्यांनी तळहात पाठीमागे नेऊन कमरेच्या वर ठेवला. "इथे कळलं. कुणीतरी मागून असं, दोन्ही हातांनी... लिहिलंय ते खोटं नाही, वहिनी. उरलेली सहा मी मनात पुरी करीन."

मी तक्रारीचं बोलणं थांबवलं. रस्त्यापलीकडे त्या गतिरोधकावर एक ट्रक येऊन अदबीने हळू झाला आणि पुढे गेला.

एसटी आली. भावोजींना ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली, वन्सं त्यांच्या शेजारी, मी पलीकडच्या बाकावर. कंडक्टरने घंटी दिली. गाडीने एक आचका दिला, दुसरा दिला, आणि ती कोलाडच्या दिशेने वेग घेऊ लागली तसे भावोजींनी डोळे मिटले. वन्संनी त्यांच्या पाठीमागे अडकलेली शेंगांची पिशवी हळूच ओढून आपल्या मांडीवर घेतली, आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "टेका नीट."